टर्बो इंजिनातील ठिणगीचे वेळापत्रक

ज्यांच्या घरी प्रीमियर पद्मिनी किंवा अॅम्बॅसडर होती, त्यांना गॅरेजमधले एक दृश्य आठवत असेल. मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करी, चालू इंजिनावर तो किंचित इकडेतिकडे फिरवी आणि आवाज मनासारखा लागला की नट आवळून म्हणे, ‘टायमिंग बसलं!’ चढावर इंजिन खडखडले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. साध्या इंजिनाला एवढी कारागिरी पुरत असे. टर्बोचार्जर बसवलेल्या इंजिनात मात्र असा अंदाज पिस्टनच्या मुळावर येऊ शकतो. १९७० आणि १९८० च्या दशकांतील युरोपीय टर्बो गाड्या जपणारे अनेक शौकीन ठिणगीची वेळ आता बाहेरून बसवलेल्या छोट्या संगणकाच्या हवाली करतात, त्याचे मूळ कारण हेच.

सिलिंडरमधील इंधन-हवेचे मिश्रण एका क्षणात जळत नाही. ज्योतीला पसरायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या आधीच ठिणगी पाडावी लागते. किती आधी, हे क्रँकच्या अंशांत मोजतात. मिनिटाला १००० फेऱ्या होत असताना क्रँक एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो, ६००० फेऱ्यांना ३६ अंश. साहजिकच वेग वाढेल तशी ठिणगी पुढे ओढावी लागते. जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये हे काम दोन वजने आणि दोन स्प्रिंगा करीत. भार कमी असताना विरळ मिश्रण सावकाश जळते, म्हणून त्या वेळी थोडा अधिक अॅडव्हान्स देणारा निर्वात पडदाही जोडीला असे. यंत्रणा साधी आणि चोख. पण तिचे गणित कारखान्यात स्प्रिंगांच्या ताणातच पक्के झालेले.

टर्बोचार्जर आला आणि हे गणित कोलमडले. टर्बो हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. दाबलेली हवा तापते, दाट मिश्रण झपाट्याने जळते. तेव्हा वेग तोच असला तरी दाब चढताच ठिणगी उशिरा पडायला हवी. ती लवकर पडली, तर ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले न जळलेले मिश्रण आपोआप पेटते आणि दाबाची लाट भिंतींवर आदळते. हेच नॉकिंग. ते टिकून राहिले, तर पिस्टनच्या रिंगांमधील कडा तुटतात, हेड गॅस्केट फुटते. भरधाव वेगात इंजिनाच्या आवाजात ते चालकाला ऐकूही येत नाही, हा त्यातला खरा घात.

त्या काळच्या कंपन्यांनी यावर सावध तोडगे काढले. स्वीडनच्या साबने १९७८ मध्ये विक्रीस आणलेल्या ‘९९ टर्बो’चे कॉम्प्रेशन ७.२ इतकेच ठेवले होते. परिणामी, टर्बो जागा होण्यापूर्वी गाडी काहीशी सुस्त वाटे. पुढे साबचे अभियंते पेर यिलब्रांड यांच्या पुढाकाराने आलेल्या ‘एपीसी’ यंत्रणेने इंजिनाच्या अंगावर कान लावला: नॉकिंग टिपणारा सेन्सर ते जाणवताच टर्बोचा दाब उतरवी. कल्पना अव्वल होती. पण दाब कमी म्हणजे ताकदही कमी, आणि ठिणगीचे वेळापत्रक डिस्ट्रिब्युटरच्याच ताब्यात राहिले.

बाहेरून बसवायची उपकरणे नेमकी तिथे हात घालतात. अमेरिकेतील एमएसडीच्या एका उपकरणात दर पाउंड दाबामागे ठिणगी किती अंश मागे घ्यायची, हे चालकाने एक बटण फिरवून ठरवायचे असे. खरी मोकळीक दिली ती तक्त्याने. आडव्या रांगेत इंजिनाचा वेग, उभ्या रांगेत दाब आणि प्रत्येक चौकटीत अंशांचा आकडा. ‘मेगाजोल्ट’ या उपकरणात अशा शंभर चौकटी आहेत. ठिणगी पाडण्याचे काम ते फोर्डच्या तयार मॉड्यूलकडून करून घेते आणि क्रँकची स्थिती छत्तीसपैकी एक दात गाळलेल्या चक्रावरून ओळखते. नेदरलँड्सच्या ‘१२३इग्निशन’ने हीच बुद्धी डिस्ट्रिब्युटरच्या आकाराच्या डब्यात बसवली. बॉनेट उघडल्यावर गाडी जुनीच दिसावी, असा आग्रह असणाऱ्यांची ही सोय. ‘मेगास्क्वर्ट’ने सुरुवात इंधनापासून केली आणि ठिणगी नंतर हाती घेतली.

उदाहरणादाखल, ३००० फेऱ्यांना हलक्या भारावर ३२ अंश, थ्रॉटल पूर्ण उघडा पण टर्बोचा दाब नसताना २६ आणि ०.७ बार दाबाला १६ अंश, असे आकडे भरता येतात. दोन स्प्रिंगांना हे तिहेरी उत्तर जमणे कठीण. अर्थात हे आकडे कोणत्याही गाडीत जसेच्या तसे उतरवण्याचे नव्हेत. प्रत्येक इंजिनाचे कॉम्प्रेशन आणि त्यात पडणारे पेट्रोल वेगळे.

‘भीती वाटते ना, मग सगळीकडे चार अंश मागे घ्या,’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धवट आहे. ठिणगी फार उशिरा पडली, तर ज्वलन लांबते, जळते वायू एक्झॉस्टमध्ये शिरतात आणि टर्बाइनची पाती नको इतकी तापतात. पिस्टन वाचला आणि टर्बो गेला, यात शहाणपण कुठले? शिवाय केवळ ठिणगी सांभाळणारे उपकरण इंधनाचे काहीच करीत नाही. मिश्रण पातळ असेल, तर तक्ता कितीही सुरेख भरा, धोका कायम राहतो.

पडद्यावरचा आकडा आणि प्रत्यक्षातली ठिणगी एकच आहे ना, हे टायमिंग लाइटने पुलीवरील खुणेशी ताडून पाहण्याला पर्याय नाही. ते न करता तक्त्याशी खेळणारे कमी नाहीत. आणखी एक क्षुल्लक वाटणारी वस्तू म्हणजे दाबाच्या सेन्सरपर्यंत जाणारी रबरी नळी. ती वाटेत निसटली, तर सेन्सरला फक्त बाहेरची हवा जाणवते. टर्बो चढलाच नाही असे समजून संगणक १६ ऐवजी २६ अंश देतो, तेही नेमके पूर्ण दाबाखाली. म्हणून अनुभवी मेकॅनिक त्या नळीची दोन्ही टोके क्लिपने आवळतात आणि दर सर्व्हिसिंगला आधी ती ओढून पाहतात, लॅपटॉप त्यानंतर उघडतात.