म्हाताऱ्या कोंबडीचं आजारपण

परसातली गावरान कोंबडी कुत्र्या-मुंगसापासून वाचली आणि नीट सांभाळली, तर सात-आठ वर्षं जगते. भरभरून अंडी मात्र ती पहिली दोन-तीन वर्षंच देते. पोल्ट्रीतली अंड्याची कोंबडी दीड-दोन वर्षांची झाली की काढून टाकतात, त्यामुळे पोल्ट्रीची पुस्तकंही साधारण त्या वयाशी येऊन थांबतात. पुढच्या वर्षांत तिला काय होतं आणि आपण काय करायचं, हे विचारायला फारसं कोणी सापडत नाही. खुराड्यातली निम्मी पिल्लं जिने उबवली, ती अंडी बंद झाल्यावरही मरेपर्यंत घरात राहणार, असं ज्यांनी ठरवलं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

कोंबडी आजार लपवते, ही पहिली अडचण. कळपात चोचीच्या जोरावर पायरी ठरते आणि अशक्त दिसणारीला बाकीच्या टोचून काढतात. त्यामुळे ती बरी असल्यासारखी वावरते, दाणे टिपल्यासारखं करते आणि ते तिथेच टाकते. पिसं फुगवून कोपऱ्यात डोळे मिटून उभी राहिलेली दिसते, तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. कित्येकदा अशा कोंबडीला घरचे ‘खुडूक झाली’ म्हणून सोडून देतात. दोन्हींतला फरक हाताला कळतो. खुडूक कोंबडी उचलायला गेलं की अंग फुलवते, गुरगुरते, चोच मारते. आजारी कोंबडी निमूट हातात येते. एरवी कधी हाताला न लागणारी कोंबडी सहज सापडली, तर ते चांगलं लक्षण समजू नका.

तिला मांडीवर घ्या आणि तपासा. आधी छातीच्या मधोमध असलेलं उभं हाड चाचपा. दोन्ही बाजूंचं मांस झडून हाड धारदार लागत असेल, तर ती बऱ्याच दिवसांपासून पोटभर खात नाही. मग गळ्याखालची दाण्यांची पिशवी बघा. ती संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. सकाळीही घट्ट भरलेली असेल तर आत काहीतरी अडकलं आहे, बहुधा लांब गवत किंवा सुतळी. पिशवी लिबलिबीत आणि तोंडाला आंबूस वास असेल तर दाणा आत कुजतो आहे. अशा वेळी कोंबडीला उलटी धरून पिशवी पिळण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तसं कधीही करू नका. वर आलेलं पाणी श्वासनलिकेत शिरतं आणि कोंबडी हातातच गुदमरते.

तुरा फिका पडला असेल तर रक्त कमी आहे. उवा, गोचीड किंवा पोटातले जंत शोधा. तुरा निळसर-जांभळा असेल तर श्वासाचं किंवा हृदयाचं दुखणं असू शकतं. अंग गरम लागलं म्हणून ताप आहे असं मात्र समजू नका. कोंबडीच्या शरीराचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं, ती आपल्या हाताला नेहमीच गरम लागणार.

तपासून झालं की तिला वेगळं ठेवा. पुठ्ठ्याचं मोठं खोकं किंवा डालं घ्या, खाली गोणपाट आणि त्यावर भाताचा पेंढा पसरा. एका टोकाला ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब टांगा आणि दुसरं टोक थंड राहू द्या, म्हणजे उकडलं तर तिला सरकता येईल. आजारी कोंबडीची बरीचशी ताकद अंग गरम ठेवण्यातच खर्च होते, आणि ऊब मिळाली की ती ताकद वाचते. माझ्या मते पहिल्या दिवशी कुठल्याही औषधापेक्षा ऊब जास्त काम करते.

मग पाणी. चमच्याने किंवा सिरिंजने थेट घशात पाणी ओतू नका, कारण कोंबडीच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा. ती चोच हलवून, मान वर करून तो गिळते. तेवढं झाल्यावरच पुढचा थेंब. पाण्यात चिमूटभर गूळ घाला किंवा ओआरएस द्या. ती पाणी प्यायला लागली की खाण्याकडे वळा. तांदळाच्या कण्यांची मऊ पेज, उकडून कुस्करलेलं अंडं, भिजवलेलं खाद्य असं थोडं थोडं दिवसातून चार-पाच वेळा द्या. गळ्याची पिशवी तुंबलेली असेल तर मात्र दाणा बंद, फक्त पाणी.

खोक्यात पेंढ्यावर रात्री वर्तमानपत्र अंथरलंत तर सकाळी विष्ठा नीट बघता येते. तपकिरी विष्ठेवर पांढरी टोपी, ही निरोगी खूण. मधूनच एखादी काळपट, चिकट, घाण वासाची पडते, तीही नेहमीचीच. हिरवी पातळ विष्ठा दिसली तर बहुतेक वेळा पोटात अन्न नाही, नुसतं पित्त उतरतं आहे. रक्त दिसलं तर डॉक्टरकडे.

म्हाताऱ्या कोंबडीचं सर्वांत मोठं दुखणं असतं ते अंड्याच्या वाटेचं. बलक अंडाशयातून सुटला की नळीच्या फनेलसारख्या तोंडाने तो झेलायचा असतो. पुढे पांढरं, पापुद्रा आणि कवच चढून अंडं बाहेर यायला साधारण २४ ते २६ तास लागतात, त्यातले २० तास एकट्या कवचाचे. एका कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि खाण्यातून कमी पडलेलं ती स्वतःच्या हाडांतून काढते. वय झालं की या कामात चुका होऊ लागतात. कवच पातळ पडतं, अंडं वाकडंतिकडं होतं, नळीचे स्नायू थकतात आणि अंडं अडकतं. कधी बलक नळीत न पडता पोटातच पडतो आणि तिथे कुजून जंतुसंसर्ग होतो. अंडाशयाचा कर्करोगही कोंबड्यांना आपणहून होतो, इतका की माणसांतल्या त्या रोगाचा अभ्यास करणारे संशोधक कोंबड्या वापरतात.

अंडं अडकलेली कोंबडी शेपटी खाली पाडून, पाय फाकवून उभी राहते आणि सारखी कण्हत जोर करते. टबात कोमट पाणी घ्या, आपल्या मनगटाला सोसेल इतकंच गरम. त्यात तिला पोटापर्यंत बुडेल अशी पंधरा-वीस मिनिटं बसवा. मग कोरडी करून गुदद्वाराला थोडं खोबरेल लावा आणि अंधाऱ्या, उबदार जागी ठेवा. बऱ्याचदा तासाभरात अंडं येतं. पोट दाबून ते ढकलू नका. आत फुटलं तर कवचाचे तुकडे नळी फाडतात. दिवसभरात अंडं आलं नाही तर डॉक्टरच हवा, तो कॅल्शियमचं इंजेक्शन देऊ शकतो.

दोन पायांच्या मध्ये, गुदद्वाराखाली हात लावून बघा. तिथे पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं लागत असेल तर पोटात पाणी झालं आहे. अशा कोंबडीला पाठीवर कधीच उताणी करू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं, ते छाती हलवून श्वास घेतात. पोटातलं पाणी वर आलं की श्वास कोंडतो. हे पाणी डॉक्टर सुईने काढू शकतो आणि तिला थोडे दिवस बरं वाटतं. पण मूळ दुखणं जात नाही, हे धरून चाला.

अंडी बंद झालेल्या कोंबडीला अंड्याच्या कोंबड्यांचं खाद्य चालू ठेवू नका. त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. अंडं नसताना ते मूत्रपिंडांवर येतं. साधं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. गरज असलेली कोंबडी तो आपणहून टिपते.

बाकीचं म्हातारपण हळूहळू येतं. सांधे आखडतात, म्हणून बसायची दांडी खाली आणा. उंचावरून रोज उडी मारून तळव्याला जखम होते आणि ती सुजून पिकते. पायांवरचे खवले उचलून खडबडीत झाले असतील तर आत बारीक किडा आहे. कोमट पाण्याने धुऊन खोबरेल किंवा करंजेल चोपडा, आठवड्यातून दोन-तीनदा, महिनाभर. रॉकेल लावणारे आजही आहेत, त्याने कातडी भाजते. तिला स्वतः मातीत लोळायला जमेनासं झालं की उवा वाढतात. चुलीची गार राख आणि कोरडी माती मिसळून एका घमेल्यात ठेवा आणि तिला उचलून त्यात बसवा.

दुकानदार देईल ते प्रतिजैविक पाण्यात टाकू नका. कोलिस्टिन तर खाद्यप्राण्यांना द्यायला भारतात २०१९ पासूनच बंदी आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी किंवा उदगीरजवळ राहत असाल तर तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठा. औषध सुरू असताना तिची अंडी किती दिवस खायची नाहीत, हेही तिथेच विचारून घ्या.

ऊब, पाणी आणि उपचार देऊनही ती दोन-तीन दिवसांत उभी राहत नसेल, खात नसेल आणि श्वासाला तोंड उघडत असेल, तर तिला शांत मरण देण्याबद्दल डॉक्टरला स्पष्ट विचारा. आजारी कोंबडी कापून खाऊ नका. मेल्यावर विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. आणि एकीमागून एक कोंबड्या अचानक मरू लागल्या, माना पिळवटू लागल्या किंवा तुरे काळेनिळे पडू लागले, तर ते म्हातारपण नाही. मानमोडी किंवा बर्ड फ्लू असू शकतो. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूपायी लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. तेव्हा मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी शिवू नका आणि त्याच दिवशी पशुसंवर्धन विभागाला कळवा.