कडूपणा हॉप्सचा, दोष पाण्याचा

दर्यापूर-अकोटकडच्या माणसाला पाण्याची चव शिकवावी लागत नाही. पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्याचा पहिला घोटच सगळे सांगून जातो. याच भागातून अमेरिका-युरोपात गेलेली पोरे तिथे हौसेने घरी बिअर बनवू लागली, की पाण्याचा हा धडा विसरतात. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी एका वेलीची फुले, भरपूर घालतात आणि मग तक्रार करतात, की घोट गिळला तरी जिभेच्या मुळाशी खरखरीत कडूपणा रेंगाळतो.

पहिला संशय हॉप्सवर येतो. ते कडू असतातच. उकळीत त्यांतल्या अल्फा आम्लांचे रूप पालटते आणि ती पाण्यात उतरतात. तासभर उकळूनही साधारण पाव हिस्साच उतरतो. पण हा कडूपणा स्वच्छ असतो, घोटाबरोबर निघून जातो. रेंगाळतो तो बहुतेकदा टॅनिनचा तुरटपणा. तो धान्याच्या फोलातून आणि हॉप्सच्या पानांतून येतो, चहापत्ती जास्त उकळल्यावर येतो तसाच.

फोलातले टॅनिन सुटते ते पाण्यामुळे. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, गरम पाण्यात भिजवले जाते तेव्हा मिश्रणाचा पीएच ५.२ ते ५.६ असावा. बायकार्बोनेट जास्त असलेले पाणी तो वर ढकलते. त्यातच धान्य धुण्याचे पाणी ७७ अंश सेल्सिअसपेक्षा गरम असले, की फोल आपला तुरटपणा सोडतो. सल्फेट हॉप्सचा कडूपणा टोकदार करते, क्लोराइड त्याला गोलाई देते. इंग्लंडमधल्या बर्टनच्या जिप्समयुक्त पाण्यात हिंदुस्थानात पाठवायची कडक पेल एल बनली, तर चेक देशातल्या पिल्झेनच्या मऊ पाण्यात सौम्य लागर. सल्फेटबरोबर सोडियमही जास्त असेल, तर चव हमखास बोचरी होते. म्हणून खारे पाणी या कामाला नकोच.

उपाय साधे आहेत. आरओचे पाणी घ्यावे आणि त्यात कॅल्शियमचे क्षार मोजून मिसळावेत. चव मऊ हवी असेल तर क्लोराइड सल्फेटपेक्षा जास्त ठेवावे. सुरुवातीच्या उकळीतले हॉप्स कमी करून ते शेवटच्या दहा मिनिटांत किंवा आच बंद केल्यावर, ८० अंशांच्या आसपास घालावेत. सुगंध टिकतो, कडूपणा आटोक्यात राहतो. आंबवल्यानंतर घालायचे हॉप्स दोन-तीन दिवसांत काढावेत. मग बिअर काही दिवस शून्याजवळच्या थंडीत ठेवावी. तरंगते यीस्ट आणि हॉप्सचे कण तळाशी बसतात. जिभेला लागणाऱ्या खरखरीत त्यांचाही हात असतो. बाटल्या भरताना तो गाळ वर येऊ देऊ नये. आणि एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाचा ते कळत नाही.

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने एका प्रौढाला घरच्यासाठी वर्षाला १०० गॅलन बिअर बनवायची मुभा मिळाली. आपल्याकडे मात्र हे वाचून कोणी पातेले चढवू नये. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे गुन्हा आहे. परदेशातल्या भाच्या-पुतण्यांना मात्र जरूर सांगा: हॉप्स कमी करण्याआधी पाणी तपासा.