शिधापत्रिका गावी, मुक्काम लिंबायतला. आरोग्य विमा कुठला?

सुरतेच्या लिंबायत भागात खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे कापड उद्योगावर गुजराण करतात. कित्येकांची शिधापत्रिका मात्र गावीच असते. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार देशभरातील संलग्न रुग्णालयांत मोफत मिळतात. त्यासाठी गावी परतावे लागत नाही. केवळ महात्मा जोतिराव फुले योजनेच्या लाभार्थ्यांना मात्र महाराष्ट्राने संलग्न केलेल्या रुग्णालयांतच जावे लागते. त्यामुळे आपले कार्ड नेमके कोणत्या योजनेचे, याची खातरजमा १४५५५ या क्रमांकावर आजारपणापूर्वीच करावी. बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च आयुष्मान योजनेत बसत नाही. तेवढी तजवीज स्वतंत्रपणे ठेवावी.