लाल पाटीची गाडी

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. "मामा, शोरूमवाले डेमोची गाडी देतायत. आठ महिन्यांची, चार हजार सहाशे किलोमीटर. नव्यापेक्षा एक लाख पंच्याऐंशी हजारांनी स्वस्त. आज टोकन दिलं तर." मी म्हटलं, आज देऊ नकोस. "का?" याचं उत्तर मात्र तेव्हा माझ्याजवळ नव्हतं. मी इंजिनिअर नाही, वकील नाही. मोटारींवर वाचत आलो तो निव्वळ आवडीने. पण त्या टोकनात माझ्या बहिणीची मोडलेली ठेव जाणार होती. ती शिक्षिका म्हणून निवृत्त झाली आणि त्या ठेवीचं व्याज तिच्या औषधांना पुरत होतं. म्हणून तीन आठवडे मी या एका प्रश्नामागे लागलो. हा लेख त्या तीन आठवड्यांचा हिशेब आहे.

आधी गाडीच्या जातीविषयी. 'हॉट हॅच'ला मराठीत शब्द नाही. मागचं दार वर उघडतं, डिकी वेगळी नसते, अशा छोट्या घरगुती गाडीला आपण हॅचबॅक म्हणतो. तिच्याच सांगाड्यात जोरकस इंजिन, घट्ट सस्पेन्शन आणि मोठे ब्रेक बसवले की ती हॉट हॅच. हा मान सहसा फोक्सवागनच्या गोल्फ जीटीआयला देतात. तिच्याआधीही अशा गाड्या होत्या, इटलीत आणि फ्रान्समध्ये. पण प्रकाराला नाव आणि प्रतिष्ठा मिळाली ती या जर्मन गाडीमुळे. तिची जन्मकथा गमतीची आहे. १९७३ साली आल्फोन्स ल्योव्हेनबेर्ग या अभियंत्याने सहकाऱ्यांना 'स्पोर्ट गोल्फ'ची कल्पना लिहून कळवली. कंपनीचा अधिकृत प्रकल्प नव्हता. चारसहा जणांनी जवळजवळ चोरून काम सुरू केलं. सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली, पुढच्या वर्षी विक्री सुरू झाली. १.६ लिटरचं इंजिन, ११० अश्वशक्ती, वजन साधारण आठशे किलो. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुष्कळ, असा अंदाज होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक गेल्या. आतल्या सीटचं चौकड्यांचं कापड आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या महिलेने सुचवली. ती या गाडीची ओळख होऊन बसली.

ही कथा इथे सांगण्याचं कारण आहे. हॉट हॅचचं सगळं आकर्षण तिच्या साधेपणात आहे. बाहेरून भाजी आणायला निघालेली गाडी, आतून तापट. पण त्याच गुणामुळे तिची झीजही बाहेरून दिसत नाही.

आपल्याकडे हा प्रकार फार रुजला नाही. रांजणगावला तयार झालेली फियाटची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आली, १४५ अश्वशक्तीची, दहा लाखांच्या आत. जाणकारांनी वाहवा केली, गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. साधी पोलो चाकणला २००९ पासून बनत होती, पण तिची जीटीआय आवृत्ती २०१६ मध्ये बाहेरून आणली गेली, तीही मोजक्या संख्येने. अलीकडे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या त्या ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाईन किंवा टाटाची अल्ट्रोझ रेसर यांसारख्या गाड्या: लिटर-सव्वा लिटरचं टर्बो इंजिन, १२० अश्वशक्ती. युरोपातले शौकीन यांना हॉट नव्हे, कोमट म्हणतील. पुण्याच्या रस्त्यावर तेवढी कोमट पुरते.

आता डेमोची गाडी. शोरूमला दोन मार्ग असतात. पहिला, केंद्रीय मोटार वाहन नियमांखालील ट्रेड सर्टिफिकेट. त्यावर नोंदणी न झालेली गाडीही ग्राहकाला चालवून दाखवता येते. लाल पाटीची गाडी ती हीच. अशी गाडी नंतर तुमच्या नावावर होते तेव्हा कागदोपत्री तुम्ही पहिले मालक. दुसरा मार्ग, शोरूमने ती स्वतःच्या नावावर नोंदवायची. मग तुम्ही दुसरे मालक, आणि पुढे विकताना हा 'दुसरा' तुम्हाला किमतीत भोवतो. म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, पाटीचा. भाच्याने पाहिलेली गाडी फेब्रुवारी २०२५ मध्ये शोरूमच्या नावावर नोंदलेली होती. सरकारच्या परिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा दिसतो. दोन मिनिटांचं काम, पण त्याने ते केलं नव्हतं.

मग सवलतीकडे वळलो, आणि खरी मेख तिथे निघाली. आकडे सोयीसाठी गोल करतो. फेब्रुवारीत गाडीची शोरूम-किंमत १० लाख होती. महाराष्ट्रात त्या किमतीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी वाहन कर ११ टक्के, म्हणजे १ लाख १० हजार. विमा सोडून ११ लाख १० हजार. विक्रेता म्हणत होता, तीच गाडी सव्वानऊ लाखांना, कर भरलेली. एक लाख पंच्याऐंशी हजार वाचले, हे गणित वरवर बिनचूक.

पण मधे २२ सप्टेंबर २०२५ ही तारीख होऊन गेली होती. त्या दिवसापासून चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक १ टक्का उपकर यावरून थेट १८ टक्क्यांवर आला. १२९ रुपयांची वस्तू ११८ ला, म्हणजे साडेआठ टक्के घट. दहा लाखांची नवी गाडी आता सुमारे ९ लाख १५ हजारांना, वर ११ टक्के कर धरून १० लाख १६ हजारांना मिळत होती. विक्रेता जुन्या भावाच्या पट्टीने नवी सवलत मोजत होता. खरा फरक ९१ हजारांचा. उरलेले ९४ हजार सरकारने सगळ्यांनाच दिले होते. शोरूमचा त्यात हात नव्हता.

९१ हजार तरी योग्य का? त्यासाठी मी विमा कंपन्यांची पट्टी घेतली. गाडी चोरीला गेली किंवा चक्काचूर झाली तर किती रक्कम द्यायची, हे ठरवताना त्या गाडीच्या चालू किमतीतून वयानुसार घट धरतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २० टक्के. बाजारभाव याहून वर-खाली होतो, पण भांडायला ही पट्टी चांगली. ती ना विक्रेत्याची ना ग्राहकाची. आठ महिन्यांची गाडी, म्हणून ९ लाख १५ हजारांवर १५ टक्के घट: ७ लाख ७८ हजार. एकरकमी कर पंधरा वर्षांचा असतो, त्यातले आठच महिने सरले. तेव्हा आजच्या करातले सुमारे ९६ हजार त्यात मिळवायचे. बेरीज ८ लाख ७४ हजार. मागणी ९ लाख २५ हजारांची. ५१ हजारांनी महाग, आणि वर 'दुसरा मालक' हा शिक्का.

यावर विक्रेत्याचं ठरलेलं उत्तर होतं: आम्ही कंपनीच्या नावावर घेतली, आम्हाला कर २० टक्के लागला, शिवाय जीएसटी वेगळा. पहिली गोष्ट खरी आहे. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या मोटारींना वाहन कर २० टक्के आहे. पण तो त्यांच्या धंद्याचा खर्च. गिऱ्हाइकाच्या हातात येणाऱ्या गाडीची किंमत त्याने वाढत नाही. दुसरी गोष्ट अर्धवट. डेमोच्या गाड्यांवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट विक्रेत्याला घेता येतं, असं केंद्र सरकारने १० सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. ते घेतलं असेल तर तो कर त्यांच्या खिशातून गेलेलाच नाही. भाच्याने हे विचारलं तेव्हा समोरचा तरुण "अकाउंट्सला विचारून सांगतो" म्हणाला. अजून सांगायचंय.

इथवर हिशेब कोणत्याही डेमो गाडीला लागू आहे. हॉट हॅचची बाब वेगळी होते ती तिच्या हालांमुळे. साधी हॅचबॅक बघायला आलेला माणूस एसी किती गार आहे, मागे आजीला बसता येतं का, हे बघतो. हॉट हॅच बघायला आलेला माणूस पाय दाबायलाच आलेला असतो. एका रविवारी मी त्या शोरूमसमोरच्या चहाच्या टपरीवर दुपारभर बसलो. कोपऱ्यावरून बाहेर पडली की गाडी ओरडत सुटायची. इंजिन गार असताना तेल घट्ट असतं, आणि टर्बोची पाती मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या हिशेबाने तेलाच्याच पातळ थरावर फिरतात. नवीन गाडीच्या माहितीपुस्तकात पहिले हजार किलोमीटर इंजिन पूर्ण ताणू नका, असं बहुधा लिहिलेलं असतं. डेमोच्या गाडीच्या नशिबी ते हजार किलोमीटर येत नाहीत.

गिअरबॉक्सचं तर विशेष पाहावं. या वर्गातल्या ऑटोमॅटिक गाड्यांत बहुधा दोन क्लचचा गिअरबॉक्स असतो. एका क्लचवर सम गिअर, दुसऱ्यावर विषम, म्हणून बदल क्षणात होतो. लहान इंजिनांबरोबर यातले क्लच सहसा कोरडे असतात. मोठ्या गोल्फ जीटीआयमध्ये ते तेलात बुडालेले आहेत. तेलातला क्लच उष्णता सोसतो, कोरडा सोसत नाही. सिग्नलला इंच-इंच सरकणं आणि मोकळा रस्ता दिसताच झेप, हीच तर चाचणीची ठरलेली वाट. मॅन्युअल असेल तर एकच क्लच, पण तो दररोज नवख्या पायाखाली. आणि किलोमीटरचा आकडा इथे अर्धंच सांगतो: शोरूमच्या दारात एसी लावून उभं असलेलं इंजिन चालतं, काटा हलत नाही.

तरी डेमोची गाडी म्हणजे नेहमीच घाट्याचा सौदा, असं मी म्हणणार नाही. वेळेवर सर्व्हिस होते, धुतली-पुसली जाते, शेजारी विक्रेता बसलेला असतो. महाग आयात गाडीत तर गणित पार उलटतं. २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय भारतात आली, सुमारे ५३ लाखांना, २६५ अश्वशक्तीची. आयात गाडीला महाराष्ट्रात २० टक्के वाहन कर, म्हणजे साडेदहा लाख. नोंदणी झालेली डेमो गाडी मिळाली तर ती रक्कम आधीच कोणीतरी भरलेली असते, आणि भाव करायला ऐसपैस जागा असते. आमची उडी मात्र तिथवर नव्हती.

कायद्याची बाजू मला गोव्याच्या एका खटल्याने समजली. तिथल्या एका ग्राहकाने २०११ मध्ये नवी म्हणून गाडी घेतली. ती २००९ सालची निघाली, सहाशेवर किलोमीटर धावलेली, खालून गंजलेली. जिल्हा मंचापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं. फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने जबाबदारी विक्रेत्यावर ठेवली आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीला मोकळं केलं: दोघांचा व्यवहार स्वतंत्र व्यापाऱ्यांचा, विक्रेत्याच्या लबाडीत कंपनीचा हात असल्याचा पुरावा नाही. म्हणजे बोनेटवरच्या बिल्ल्यावर विसंबण्यात अर्थ नाही; पावती ज्याची, जबाबदारी त्याची. जुना माल नवा म्हणून खपवणं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. पण 'डेमो' म्हणून सांगून विकलेल्या गाडीत हा आधार लंगडा पडतो. तिथे जे लेखी घेतलं तेच तुमचं. वॉरंटी कोणत्या तारखेपासून, हे तर आधी लिहून घ्यावं. ती सहसा पहिल्या नोंदणीपासून धावू लागलेली असते. विम्यावर पूर्वी दावा झाला आहे का, हेही.

हे सगळं वहीत मांडून आम्ही गाडी पाहायला गेलो. मी टायरपाशी बसलो. टायरच्या बाजूला चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्या दोन्ही टायरांवर २०२४ च्या अखेरचे आठवडे होते. पुढच्या दोन्हींवर २७२५. म्हणजे जुलै २०२५. फेब्रुवारीत नोंदलेल्या, चार हजार सहाशे किलोमीटर चाललेल्या गाडीचे पुढचे टायर जुलैनंतर बदललेले. ही पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी. जोर सगळा त्याच रबरावर. विक्रेता म्हणाला, "पंक्चर झालं होतं." दोन्ही? "हो, दोन्ही." ब्रेकच्या चकतीवर बोट फिरवलं तर कडेला उंचवटा लागत होता.

भाच्याने तिथेच आठ लाख पंचवीस हजार सांगितले. मॅनेजर हसला. आम्ही सर्व्हिसचा तपशील, विम्याच्या दाव्याचा तपशील आणि वॉरंटीची तारीख लेखी मागितली. वॉरंटीची तारीख लगेच आली, सर्व्हिसचा कागद आठ दिवसांनी आला, त्यात टायरांचा उल्लेख नव्हता. विम्याचं पत्र आलंच नाही. डिसेंबरात चौकशी केली तेव्हा गाडी विकली गेली होती. कितीला, ते कळलं नाही.

जानेवारीत त्याने दुसऱ्या शोरूममधून नवी घेतली, मॅन्युअल गिअरची. तयार झाल्याचा महिना डिसेंबर निघाला, तेव्हा गेल्या वर्षीची म्हणून तीस हजार सोडायला लावले. बहिणीची ठेव निम्मीच मोडली. उरलेल्यासाठी त्याने कर्ज घेतलं, आणि त्याचा हप्ता तो स्वतः भरतो. पहिले हजार किलोमीटर त्याने इंजिन तीन हजार फेऱ्यांच्या वर नेलं नाही. बहीण मागे बसून तरीही "हळू" म्हणत होती.