भिवंडीच्या कापडावर कॅमेऱ्याची नजर

तुमच्या फोनचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा? ५०? १०८? आता अशा कॅमेऱ्याबद्दल ऐका, ज्यात पिक्सेल आहेत फक्त ८१९२, तेही एकाच ओळीत. तरी धावत्या कापडातला तुटका धागा शोधायचा तर तुमच्या फोनपेक्षा तोच भारी!

भिवंडी म्हटलं की यंत्रमागांचा खडखडाट आलाच. मागावरून उतरलेलं, न रंगवलेलं ‘ग्रे’ कापड पुढे पाठवण्याआधी तपासावं लागतं. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकतं आणि माणूस टक लावून बघतो. ताण्याचा धागा तुटलाय? बाण्याचा सुटलाय? तेलाचा डाग? ‘फोर पॉइंट’ पद्धतीत ३ इंचांपर्यंतच्या दोषाला १ गुण, ६ इंचांपर्यंत २, ९ इंचांपर्यंत ३ आणि त्याहून मोठ्याला ४. परीक्षेच्या अगदी उलट, इथे गुण वाढले की माल नापास. मग भाव पडतो आणि त्याचा फटका मागमालकापासून विणकरापर्यंत सगळ्यांना बसतो. डोळे मात्र तासाभरात थकतात.

एका ओळीचं गणित

इथे येतो लाइन स्कॅन कॅमेरा. समजा, कापडाचा पन्हा १.५ मीटर आहे आणि अर्ध्या मिलिमीटरचा दोष पकडायचाय. त्या दोषावर निदान दोन-तीन पिक्सेल पडायला हवेत, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला ०.२ मिलिमीटर. १५०० भागिले ०.२ केलं की ७५०० पिक्सेल. म्हणून ८१९२ पिक्सेलचा कॅमेरा.

कापड मिनिटाला ३० मीटर धावत असेल तर सेकंदाला २५०० ओळी टिपाव्या लागतात. रोलरला जोडलेला एन्कोडर कापड ०.२ मिलिमीटर सरकलं की कॅमेऱ्याला इशारा देतो. ओळीखाली ओळ जोडत सलग चित्र तयार होतं, झेरॉक्सच्या दुकानातल्या स्कॅनरसारखं. फोन सुटे फोटो काढतो, त्यात धावतं कापड पुसट किंवा तिरपं येतं.

अर्थात, एका ओळीला वेळ मिळतो फार तर सेकंदाचा २५०० वा भाग. त्यामुळे लख्ख प्रकाश हवाच. भोक किंवा गळालेला धागा दिसायला उजेड मागून टाकतात, गाठ आणि चुणी दिसायला तिरका. या क्षेत्रात निम्मी लढाई दिव्यांचीच असते.

दोष कोणता, हे कोण सांगणार?

कॅमेऱ्याला दिसतात फक्त कमी-जास्त उजेडाचे आकडे. मधेच जाड झालेला धागा साध्या कापडात दोष असतो, पण ‘स्लब’ कापडात तीच डिझाइन! हा फरक सॉफ्टवेअरला शिकवावा लागतो आणि तो ठाऊक असतो वर्षानुवर्षं टेबलापाशी उभं राहिलेल्या तपासनीसाला. २०१९ साली आलेल्या ‘एमव्हीटेक एडी’ या डेटासेटमध्ये गालिचा, चामडं अशा १५ प्रकारांची पाच हजारांहून अधिक चित्रं आहेत. त्यातल्या फक्त निर्दोष चित्रांवर मॉडेल शिकवायचं आणि वेगळं काही दिसलं की ते त्यानं पकडायचं. पण ‘निर्दोष’ चित्रं निवडायलाही जाणकार माणूस लागतोच.

त्याच माणसाची नोकरी जाईल, ही भीती खोटी नाही. टक लावून बघण्याचं काम मशीनकडे जाणार. त्याचं ज्ञान सोबत घेतलं, तर तोच माणूस मशीनचा मास्तर होऊ शकतो. न घेता मशीन बसवलं, तर ते चांगल्या कापडावरही बोंब मारत बसेल.

तुम्ही कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स किंवा टेक्स्टाइल शिकत असाल तर मिनी प्रोजेक्टचा विषय समोरच आहे. पातळ पांढरं कापड, मागे दिवा, स्टँडवर फोन आणि मोफत मिळणारं ‘ओपनसीव्ही’. स्थिर कापडातला एक धागा ओढून काढा आणि प्रोग्रॅमला तो सापडतो का बघा. पण कोड लिहिण्याआधी एखाद्या तपासनीसाशेजारी तासभर उभे राहा. कुठे आणि का थांबायचं, हे तुम्हाला तिथेच कळेल.