टोरॉइडचे वेढे: मोटरीचे नियम इथे चालत नाहीत

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी-सास्तूर भागात निरोपांची ने-आण करायला हॅम रेडिओवाले, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवालेही, धावून आले होते. हा छंद आजही घरी किट आणून, हाताने डाग देऊन शिकता येतो. नवख्याचे हात थबकतात ते टोरॉइडपाशी, म्हणजे वेढे घालायच्या कड्यापाशी. बटणाएवढ्या कड्यावर तांब्याची तार मोजून गुंडाळायची असते. धाराशिव जिल्ह्यात विहिरीवरच्या मोटरी भरणारे कारागीर तालुक्याच्या गावी भेटतात. तार त्यांच्याकडून जरूर घ्यावी, पण मोटरीचे नियम मात्र तिथेच ठेवावेत.

गैरसमज : तार कड्याला पूर्ण वळसा घालून परत आली की एक वेढा.
वस्तुस्थिती : तार भोकातून जितक्यांदा जाते, तितके वेढे. नुसती सरळ आरपार गेली तरी एक वेढा झाला. म्हणून बाहेरून मोजू नये, भोकाच्या आतल्या तारा मोजाव्यात.

गैरसमज : एखादा वेढा इकडे-तिकडे झाला तर काय बिघडतं?
वस्तुस्थिती : इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण, वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. टी-५०-२ या लाल कड्यावर १६ वेढ्यांना सुमारे १.२५ मायक्रोहेन्री मिळतात, १७ वेढ्यांना १.४२. म्हणजे १३ टक्के जास्त. ७.१ मेगाहर्ट्झला जुळवलेलं सर्किट एवढ्यानेच ६.७ च्या आसपास घसरतं आणि भारतात हॅमना असलेल्या ७.० ते ७.२ च्या पट्ट्याबाहेर पडतं.

गैरसमज : जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधलं कडंही चालेल.
वस्तुस्थिती : रंग शोभेसाठी नसतो, तो आतलं मिश्रण सांगतो. लाल म्हणजे २ नंबर आणि पिवळं म्हणजे ६ नंबर. ही दोन्ही रेडिओच्या कामाची. पॉवर सप्लायमध्ये बहुधा सापडतं ते पिवळं, पण एक बाजू पांढरी असलेलं २६ नंबरचं कडं. मेगाहर्ट्झमध्ये ते ऊर्जा खाऊन टाकतं.

गैरसमज : परदेशी कडं नसेल तर रेडिओ बनतच नाही.
वस्तुस्थिती : हैदराबादच्या अशर फरहान यांनी २००३ साली मांडलेल्या बिटएक्स ट्रान्ससीव्हरमध्ये नळाचे प्लॅस्टिकचे वॉशर कडं म्हणून वापरले होते. प्लॅस्टिकला चुंबकीय गुण नसल्याने वेढे जास्त लागतात, इतकंच. पण किटमध्ये जे कडं सांगितलंय त्याच्या जागी वॉशर बसवून वेढे तेवढेच ठेवले, तर फसगत ठरलेली.

गैरसमज : तारेचा नंबर सगळीकडे सारखाच.
वस्तुस्थिती : किटच्या कागदावर बहुधा अमेरिकन गेज असतो, आपल्या दुकानात एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश गेज. अमेरिकन २८ नंबर ०.३२ मिलिमीटरचा, त्याच्या जवळचा आपला ३० नंबर. पण जाडी थोडी चुकली तरी घाबरू नये. इंडक्टन्स ठरतो तो मुख्यतः कड्यावर आणि वेढ्यांवर. जाडीने फरक पडतो तो तार मावण्यात आणि थोडा ऊर्जेच्या नुकसानीत.

गैरसमज : तार तांब्याचीच दिसते, थेट डाग द्यावा.
वस्तुस्थिती : तिच्यावर इनॅमलचा लेप असतो. काही तारांचा लेप सोल्डरच्या उष्णतेने जळून जातो, पण मोटरीच्या तारेचा लेप उष्णता सोसण्यासाठीच बनवलेला असतो. तो ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने चारही बाजूंनी खरवडून टोकाला कथील चढवावं. मग मल्टिमीटरने सलगता तपासावी. किट 'मुकं' राहण्याचं हे फार नेहमीचं कारण.

गैरसमज : एकदा गुंडाळलं की काही बदलता येत नाही.
वस्तुस्थिती : वेढे जवळ सरकवले की इंडक्टन्स थोडा वाढतो, पसरवले की कमी होतो. काही टक्क्यांची जुळवणी बोटांनीच होते. सुरुवातीला वेढे सारख्या अंतरावर पसरवावेत आणि दोन टोकांत कड्याचा साधारण बारावा हिस्सा मोकळा सोडावा.

गैरसमज : उलट्या दिशेने गुंडाळलं तर वाया गेलं.
वस्तुस्थिती : एकाच तारेच्या इंडक्टरला दिशेने फरक पडत नाही. दोन तारा पिळून केलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये मात्र कोणत्या तारेचं सुरुवातीचं टोक कुठे जोडायचं, हे चुकता कामा नये.

टोरॉइडला मशीन लागत नाही. भोकातले वेढे मोजा, कड्याचा रंग बघा, टोकं नीट खरवडा. आणि किट तयार झालं तरी परीक्षा देऊन हॅम परवाना हातात येईपर्यंत प्रसारणाचं बटण दाबू नका.