‘अद्याप शोध नाही’ हा आकडा कसा वाचायचा? हरवलेली किशोरवयीन मुलं आणि आपला डेटा

पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातल्या हरवलेल्या किशोरवयीन मुलांवर संशोधन करायचं म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘किती टक्के सापडली?’ प्रश्न सरळ वाटतो, पण तसा नाही. न सुटलेली प्रकरणं आकड्यांत कुठे जातात, हे आधी समजून घेऊ.

मुंबईतल्या डी. एन. नगर पोलीस ठाण्याचं उदाहरण घ्या. २००८ ते २०१५ या काळात तिथे १६६ मुली हरवल्याची नोंद होती. सहायक फौजदार राजेंद्र भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या १६५ शोधून काढल्या. उरलेली एक जानेवारी २०१३ मध्ये, सात वर्षांची असताना नाहीशी झाली होती. भोसले निवृत्तीनंतरही तिला शोधत राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये ती सापडली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

आता समजा, तुमचा अभ्यास २०१६ मध्येच संपला असता. १६६ पैकी १६५, म्हणजे ९९.४ टक्के यश. उरलेल्या एका ओळीत तुम्ही काय लिहिलं असतं? बरेच जण अशी ओळ ‘माहिती अपूर्ण’ म्हणून काढून टाकतात आणि सापडलेल्यांचा सरासरी कालावधी मांडतात. घोळ इथेच होतो. त्या ओळीत माहिती होती: तीन वर्षं झाली, मुलगी अजून घरी आलेली नाही. संख्याशास्त्रात याला सेन्सॉर्ड निरीक्षण म्हणतात. घटना घडलेली नाही, पण किती काळ घडलेली नाही हे आपल्याला माहीत आहे. सर्व्हायव्हल अॅनालिसिस अशाच ओळींसाठी आहे. त्या गाळल्या तर शोध लवकर लागतो असं खोटं चित्र तयार होतं. सगळ्यात अवघड प्रकरणंच त्यातून नाहीशी होतात.

राष्ट्रीय आकड्यांतही हाच सापळा आहे. एनसीआरबीच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ८३,३५० मुलं हरवल्याची नोंद झाली. त्यात ६२,९४६ मुली होत्या, म्हणजे दर चारांत साधारण तीन. त्याच वर्षी ८०,५६१ मुलांचा शोध लागला. इथे सरळ वजाबाकी करू नका. शोध लागलेल्यांमध्ये आधीच्या वर्षी हरवलेली मुलंही असतात. अंश आणि छेद एकाच गटाचे नाहीत.

आता आपल्या पट्ट्याकडे या. इथली आकड्यांची मालिका निदान तीन ठिकाणी तुटते. एक, मे २०१३ मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मूल हरवल्याच्या तक्रारीवर एफआयआर नोंदवायला सांगितलं. त्यानंतर अपहरणाचे गुन्हे वाढलेले दिसले, तर त्यातली काही वाढ नोंदणीची असते. दोन, १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि तोवर पुणे ग्रामीणकडे असलेलं चाकण त्यात आलं. २०१७ आणि २०१९ ची तुलना करताना ठाणेनिहाय आकडे घ्या, आयुक्तालयाची बेरीज घेऊ नका. तीन, जुन्या भारतीय दंड संहितेत पालकांच्या ताब्यातून पळवण्याच्या कलमाला मुलासाठी १६ आणि मुलीसाठी १८ अशी वयोमर्यादा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत दोघांनाही १८ झाली. मुलांचे आकडे त्यानंतर चढले, तर घाईने निष्कर्ष काढू नका.

याहून बारीक अडचण या पट्ट्याच्या स्वभावातच आहे. सर्व्हायव्हल अॅनालिसिस एक गोष्ट गृहीत धरतं: पाठपुरावा थांबण्याचा आणि मूल सापडण्याच्या शक्यतेचा संबंध नाही. चाकण-भोसरीत कामासाठी आलेली कितीतरी कुटुंबं भाड्याच्या खोलीत राहतात. काम सुटलं की खोली बदलते, नंबर बदलतो, कधी गावच गाठावं लागतं. मग ठाण्यात चकरा मारणारं कोणी उरत नाही आणि मूल सापडलं तरी कळवायचं कुणाला हा प्रश्न येतो. डी. एन. नगरच्या त्या मुलीच्या पोस्टरवर पाच फोन नंबर होते. नऊ वर्षांनी त्यातला एकच लागला, तो शेजाऱ्याचा. तो लागला नसता तर? म्हणून तुमच्या तक्त्यात ‘कुटुंबाशी शेवटचा संपर्क कधी’ हा रकाना ठेवाच.

शेवटचं, पण टाळता न येणारं. शोध चालू असताना मुलाचा फोटो जाहीर करावा लागतो. मूल परतल्यावर मात्र त्याची ओळख जपणं बंधनकारक ठरू शकतं. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ आणि पोक्सोचं कलम २३ मुळातून वाचा. प्रबंधाच्या परिशिष्टात नाव, शाळा, गल्ली नको. छोट्या वस्तीत वय आणि तारीख एवढ्यावरही मूल ओळखू येतं.

तेव्हा डेटा साफ करताना ‘अद्याप शोध नाही’ ही ओळ डिलीट करण्याआधी थांबा. त्या ओळीसाठी कुणाच्या तरी घरात अजून फोनची वाट बघणं चालू असतं.